जागेपणीचं ऑपरेशन

नर्सने निळ्या पेनाने कमरेच्या डाव्या अंगाला फुली मारली आणि म्हणाली, "आता ही पुसायची नाही हां, बुवा."

पालथं पडलेल्या माणसाला तुच्छतेनं बघण्यासारखं फार काही उरत नाही. एक उशी असते. गोकुळदासबुवांनी तिच्याकडेच तसं बघून घेतलं.

"माझा हात पोचतो काय गो तिथं?" ते उशीला म्हणाले. "पोचला असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

नर्स हसत बाहेर गेली. सुमंगला पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिच्या हातात बुवांचं धोतर, टोपी आणि रुमालात बांधलेली तुळशीची माळ. माळेवरून सकाळीच एक लढाई होऊन गेली होती. अंगावर धातूचं काही नको, असा इथला नियम. तुळस धातू कधीपासून झाली, हा बुवांचा प्रश्न. त्यावर त्या नर्सनं उत्तर दिलं नव्हतं, नुसता हात पुढं केला होता. बायकोकडे माळ देताना बुवा म्हणाले होते, "नीट धर. ह्या लोकांचा भरवसा नाय. उद्या शेंडीपण धातूची म्हणतील."

पणजीच्या वेशीवरचं ते खाजगी इस्पितळ बुवांना पहिल्या पायरीपासूनच आवडलं नव्हतं. फरशी इतकी चकचकीत की पाय टाकायचा धीर होऊ नये. भिंतीवर टीव्ही, त्यात एक हसरा गोरा म्हातारा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घेऊन फिरतो आहे. बाकावर कमरेला हात लावून बसलेल्यांची रांग, आणि प्रत्येकाच्या तोंडी आपल्या मणक्याचं पुराण. दोडामार्गचा एक टिपरवाला तर बुवांच्या कानाशी लागून अर्धा तास कण्हत होता. "आयो, आयो," करीत. खाणीच्या रस्त्यावर टिपर ट्रक हाकण्यात उभा जन्म काढलेला गडी, दंड बघावे तर देवळाच्या खांबासारखे, आणि कण्हणं बाळंतिणीचं.

"काय रे, पहिलटकरीण काय तू?" बुवांनी त्याला विचारलं होतं. तो बिचारा ओशाळून गप्प झाला, आणि मग दातावर दात धरून बसला.

बुवांचं हे असंच होतं. पण गादीवर उभे राहिले की तोच माणूस काय दिसायचा! पेडण्यापासून डिचोलीपर्यंत ज्या देवळात सप्ताह बसेल, तिथं गोकुळदासबुवांचं कीर्तन नसेल तर लोकांना प्रसाद घशाखाली उतरत नसे. अंगरखा, उपरणं, हातात चिपळ्या. साथीदार शंभूनं पेटीवर सूर धरला की बुवा डोळे मिटून असा नाम उचलायचे की सभामंडपातल्या समया जरा ताठ झाल्यासारख्या वाटत. माईक बंद पडला तरी बाहेर जत्रेच्या फेरीत मिठाई मांडून बसलेल्या खाजेवालीला शब्दन्शब्द ऐकू जायचा. म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावायच्या, आणि पुढच्याच वाक्याला त्याच पदरात तोंड घालून हसायच्या. देवाची कृपा म्हणतात ती असल्या गळ्यात उतरते. त्यात वाद नाही.

हसू यायचं ते त्यांच्या एका ठरलेल्या निरूपणाला. बुवा चिपळ्या थांबवायचे, एक पाऊल पुढं यायचे.

"देवळात आलात. हात जोडलेत. आणि देवाला सांगता काय? देवा, गुडघा. देवा, कंबर. देवा, पोटात वारा धरतो. अहो, हा देव आहे की आरोग्य केंद्र?"

मंडप खदखदायचा.

"नारळ बघा. त्याला सोलता, आपटता, फोडता, आणि वर खवता. बोंबलतो का? म्हणून तर त्याला देवापुढं ठेवतात. बोंबलणाऱ्याला कोण ठेवतो देवापुढं?"

घरातही तोच कायदा.

यंदा कारापूरच्या सप्ताहात मात्र घात झाला. गेलं वर्षभर डाव्या ढुंगणातून एक कळ निघून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती. बुवांनी ती कोणाला सांगितली नव्हती. उत्तररंगात, ऐन रंगलेल्या पदात, त्यांनी चालीवर डावं पाऊल टाकलं आणि ते पडलंच नाही. म्हणजे पडलं, पण बुवांना कळलं नाही. शंभूनं पेटी टाकून त्यांना धरलं म्हणून बरं. उरलेलं कीर्तन त्यांनी सतरंजीवर बसून केलं. कीर्तनकारानं गादीवर बसायचं! बायकांच्या बाजूनं आवाज आला, च्च, च्च. आयुष्यात बुवांनी खूप टाळ्या ऐकल्या होत्या, क्वचित शिव्याही. हा आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्या रात्रीपासून तो कानातून गेला नाही.

डॉक्टरीण निघाली पोरसवदा. पल्लवी तिचं नाव. टेबलावर मणक्याचं प्लास्टिकचं खेळणं ठेवून तिनं समजावायला घेतलं. दोन मणक्यांमधली गादी फुगून बाहेर आली आहे, तिचा एक तुकडा नसेवर बसला आहे. अंगठा वर उचलता येत नाही, म्हणजे नस थकत चालली आहे. अजून थांबलं तर पाऊल लटकं पडेल.

"लटकं म्हणजे?" शंभूनं विचारलं.

"म्हणजे उभं राहता येईल, पण चालताना पाय फरफटेल. नाचता येणार नाही."

"मी नाचत नाही," बुवा म्हणाले. "कीर्तन करतो."

"तेच म्हणते मी. मी मुळगावची, बुवा. आजीच्या मांडीवर बसून तुमचं कीर्तन ऐकलंय. नारळाचं."

बुवा क्षणभर सुखावले, आणि मग त्यांनी मनाशी म्हटलं, ऐकून ही डॉक्टर झाली, म्हणजे ते कीर्तन फुकटच गेलं.

"तर काय करणार म्हणतेस? पाठ फाडणार?"

"नाही. नखाएवढं एक छिद्र पाडायचं, बाजूनं. त्यातून पेन्सिलीएवढी नळी आत जाते. नळीला कॅमेरा असतो, मी पडद्यावर बघून तो तुकडा काढते. टाका एकच."

"छिद्र पाडून! पंक्चर काढतेस की काय?"

"तसंच समजा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो, आम्ही आत पाणी सोडून बघतो." ती हसली, मग गंभीर झाली. "पण सगळं सांगून ठेवते, मागाहून माझ्यावर रुसू नका. पायातली कळ बहुतेक लगेच जाईल. बधिरपणा हळूहळू जातो, कधी थोडा राहतोही. संध्याकाळी चालवणार, दुसऱ्या दिवशी घरी. पण घरी गेलात म्हणून बरे झालात असं नाही. काही आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, फार वेळ बसायचं नाही. गादी पुन्हा फुगण्याची थोडी भीती असते, ती मी लपवत नाही. आणि झोपवणार नाही तुम्हाला. त्या जागेपुरतीच भूल देणार, थोडी गुंगी. तुम्ही जागे पाहिजेत."

"कशाला? करमणूक करायला?"

"नळी नसेजवळ गेली की पायात करंट मारल्यासारखं होतं. ते झालं की लगेच सांगायचं."

"बरं, बरं," बुवा म्हणाले. ज्या सुरात ते तमाशेवाल्यांबद्दल बोलत, त्याच सुरात.

बाहेर आल्यावर शंभू म्हणाला, "बुवा, तिला ठाऊक नाय तुम्ही कोण ते. तुम्ही हूं की चूं करायचं नाय."

"भोक पाडून कणा दुरुस्त करतात म्हणे," बुवा म्हणाले. "आणि वर बोंबल म्हणतात. हे ऑपरेशन, की शिमग्याचा खेळ?"

आता तो खेळ सुरू झाला होता.

थंडगार खोली, हिरवी कापडं, डोक्यावर दिव्यांचं फूल. बुवा पालथे, पोटाखाली उशा. पाठीत सुई गेली.

"दुखतं?"

"नाही."

हे खरं होतं, मुंगी चावल्याएवढंच होतं ते. मग पाठीवर कोणीतरी अंगठ्यानं दाबत आत शिरतं आहे असं वाटलं. पाण्याचा बारीक आवाज येऊ लागला. बुवांनी मनातल्या मनात नाम धरलं. एवढंच? ह्याच्यासाठी ते टिपरवाल्याचं कण्हणं? ह्याच्यासाठी तो गोरा म्हातारा, ते कुत्रं?

आणि मग वीज पडली. ढुंगणातून मांडी, मांडीतून पोटरी, पोटरीतून थेट अंगठा. डोळ्यांपुढं पांढरं झालं. बुवांनी उशीचं कापड दातांत धरलं.

"बुवा, ठीक ना?"

कापड सोडून, श्वास सावरून, त्यांनी गादीवरच्या आवाजात उत्तर दिलं. "ठीक."

"पायात काही?"

"काही नाही."

दुसऱ्यांदा पडली. ह्या वेळी नामसुद्धा सुटलं. बुवांनी त्याला शोधून पुन्हा पकडलं. मनात कुठंतरी सगळा सभामंडप बघत होता, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला.

"मॅडम," पायाशी उभा असलेला कोणीतरी म्हणाला, "पाय उडाला."

सगळं थांबलं. पाण्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

"बुवा." पल्लवीचा आवाज आता पाठीवरून येत होता, अगदी जवळून. त्यात आजीच्या मांडीवरची नात उरली नव्हती. "तुम्हाला आत्ता करंट आला."

बुवांनी उशीचं कापड पुन्हा दातांत धरलं.

"मागच्या वेळीही आला. मला पडद्यावर नस दिसते. ती दुखते का ते दिसत नाही. ते ह्या खोलीत एकट्या तुम्हाला कळतं. तुम्ही ठीक म्हणालात तर मी पुढं सरकणार. पुढं तुमची नस आहे. ती एकदा दुखावली तर मी काय, कोणीच ती जोडून देणार नाही. पाऊल गेलं म्हणजे गेलं. नारळाचं मला पाठ आहे. पण नारळाला पुढच्या सप्ताहाला उभं राहायचं नसतं. आता सांगा. थांबवू इथंच?"

बुवांच्या तोंडाशी उत्तर होतं. झणझणीत, मंडप हसवणारं. पण ते आलं नाही. त्याच्या जागी कारापूरची सतरंजी आली, आणि ती च्च, च्च.

"नको थांबवू."

"मग बोलणार?"

"हां."

पुन्हा दाब आला. पुन्हा ती वीज, जरा लांबून, विचारत आल्यासारखी. बुवांनी तोंड उघडलं. फेरीतल्या खाजेवालीपर्यंत पोचणारा तो गळा, आणि त्यातून निघालं काय? कावळ्याच्या पिल्लासारखं काहीतरी.

"थोडं..."

"थोडं काय?"

पुस्तकातलं मराठी, गादीवरचं मराठी, चाळीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं, सगळं एका झटक्यात खाली पडलं. उरली ती पेडण्याच्या घरातली, चुलीपुढची बोली.

"दुखता गे," बुवा म्हणाले. आणि मग ते खरंच ओरडले. "आये गे! दुखता! पोटरेत दुखता!"

"शाबास! पोटरीत. आता?"

"आता... मांडयेत. कमी. थांब, थांब, परत इला, बोटात! आंगठ्यात!"

"मी मागं येते. आता?"

"गेला."

"आता?"

"नाय. आता नाय. हां, हळू. हळू गे माझे बाय..."

आयुष्यभर बुवा पुढं आणि साथीदार मागं. बुवांनी तान घेतली की शंभूची बोटं पेटीवर तिच्या मागोमाग धावायची, कुठं जाणार आहेत हे न विचारता. आज पाठीमागं कोणीतरी तशीच साथ धरली होती. बुवा कण्हतील तिथं नळी थबकत होती, बुवा सुटतील तिथं सरकत होती. आपल्या गळ्याचा असा उपयोग त्यांनी कधी ऐकला नव्हता. लाज वाटायला सवड नव्हती. ते बोंबलत राहिले, जितकं दुखलं तितकं, ना कमी ना जास्त.

मग कसलासा हिसका बसला, आणि पायातून काहीतरी निघून गेलं. एवढं वर्षभर तिथं राहत असलेलं, की ते गेल्यावर बुवांना आधी पायच गेल्यासारखा वाटला.

"अंगठा वर करा."

अंगठा थरथरला, आणि थोडासा उचलला गेला.

तिनं बाटलीतला तुकडा आणून दाखवला. कुर्ली खेकड्याच्या नांगीतून काढलेल्या मांसासारखा, पांढुरका, बोटाच्या पेराएवढा.

"हा?" बुवांनी त्याच्याकडे जगातल्या सगळ्या तुच्छतेनं बघितलं. "ह्या शेंबडानं मला खाली बसवलं?"

संध्याकाळी त्यांना उभं केलं. पट्टी बांधून, दोघांच्या आधारानं, मग एकाच्या, मग नुसतंच. कळ नव्हती. अंगठा मात्र अजून दुसऱ्याचाच होता, चपलेत आहे की नाही ते बघून खात्री करावी लागत होती. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलानं भिंतीकडे वळायचं कसं, पलंगावरून उठायचं कसं, ते दाखवलं. "आम्ही पन्नास वर्षं उठतोय पलंगावरून," असं त्याला ऐकवून बुवा त्यानं सांगितलं तसे उठले.

शंभू आला तो फुलं आणि देवळाचा अंगारा घेऊन. अंगारा त्यानं बुवांच्या कपाळाला लावला आणि पलंगाच्या कडेला टेकला.

"गावात सांगून आलोय," तो म्हणाला. "म्हटलं, जागेपणी पाठीत नळी घातली बुवांच्या, पण आमचे बुवा! हूं की चूं नाय."

सुमंगला खिडकीशी उभी होती. ती पेल्यात चहा ओतत होती, ती ओततच राहिली.

बुवांना कोणी काही विचारलं नव्हतं. नुसतं हसलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टरीण काही गावभर सांगत फिरणार नव्हती.

"ओरडलो मी," बुवा म्हणाले.

शंभू मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, बुवांनी नवा दृष्टांत काढला.

"हसतोस काय, मेल्या? ओरडलो. आये गे म्हणून बोंबललो. त्या पोरीला गे माझे बाय म्हणालो."

शंभूचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला ते कुठं ठेवावं कळेना. मग त्यानं घड्याळ बघितलं. म्हापशाहून पेडण्याची बस चुकेल म्हणाला. दारापर्यंत जाऊन परत आला, बुवांच्या पायाला हात लावला, आणि निघून गेला.

सुमंगलानं चहा आणून दिला. बुवांनी उभ्यानंच दोन घोट घेतले. ती जवळच राहिली. पेला घ्यायला थांबली असेल, असं त्यांना वाटलं.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

"माझो उजवो हात वर जायना."

बुवांनी पेला खाली केला.

"वर म्हणजे?"

"खांद्याच्या वर. दुखता." तिनं तो शब्द असा उच्चारला, जसा कोणाचा तरी उसना आणलेला पेला जपून खाली ठेवावा.

बुवांच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. तयार असणारच, चाळीस वर्षांचं होतं ते. ते आलं, जिभेच्या टोकावर उभं राहिलं. बुवांनी चहाचा एक घोट घेतला.

"कधीपासून?"

"आपल्या साईशाचा लगीन झाला, तेच्या आदीपासून."

लेकाचा, साईशचा, मुलगा आता शाळेत जात होता.

"मग तू अंबाडा कसा घालतेस?"

"रुक्मिणी घालता. शेजारची. तुमी पूजेक बसलात काय मागल्या दारान येता, घालून जाता." मग जरा घाईनं, जणू रुक्मिणीवर बालंट येऊ नये म्हणून, ती म्हणाली, "मीच तिका सांगलंय, तुमका सांगू नको म्हणान."

बुवांनी तिच्याकडे बघितलं. आज अंबाडा नव्हता. काल आल्यापासून नव्हता. केस नुसते मागं ओढून रबरात अडकवलेले होते, एका बाजूनं सुटून कानावर आले होते. इथं रुक्मिणी कुठून येणार? दोन दिवस ती अशीच त्यांच्यासमोर वावरत होती, धोतर धरत होती, चहा ओतत होती.

त्यांनी पेला खिडकीत ठेवला.

"फणी हाडलंस?"

"कित्याक?"

"हाडलंस काय ते सांग."

तिनं पिशवीतून फणी काढली.

"त्या कदेलार बस," बुवांनी पलंगाजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. "तोंड तिकडं. माका वाकायचा नाय सांगलां. उभो रवाक काय हरकत नाय."

ती बसली, अगदी काठावर, कोणत्याही क्षणी उठता येईल अशी. बुवा तिच्या मागं उभे राहिले. डावा पाय जरा पसरून, भार दोन्हींवर सारखा घेऊन. रबर काढताना केस ओढले गेले.

"दुखलां?"

"मातसां, जरासां."

त्यांनी हात सैल केला.

दार ढकलून नर्स आत आली, आणि दारातच थांबली. "अहो बुवा! आराम करा म्हटलं ना तुम्हाला?"

"आराम तू कर," बुवा म्हणाले, मान न वळवता. "आणि अशी तोंड उघडं टाकून बघत उभी राहू नको. अंबाडा घालता येतो काय तुला? येत असेल तर सांग, हे तीन पेड आधी कुठून धरायचे."